सरळ केलेली सायकल

हॅलो?… हॅलो… थांबा जरा, तोंडात टाचण्या आहेत… हं. आता बोला. कोण?… ताई? अगं मग ताई म्हणून सांग ना. हा कुठला नंबर?… घरचा? तो जुना काळा फोन अजून चालतो?… बरं. आणि तुझा मोबाईल?… मोकळा ठेवलायस. कुणासाठी मोकळा?… दाजींसाठी? पण दाजी काल रात्रीच आले ना भावाकडून?… आले. मग घरातल्या माणसासाठी फोन कशाला मोकळा ठेवायचा? मला काही समजेना.

थांब, थांब. ते सगळं नंतर. आधी सांग, सायकल आवडली का?… कधी दाखवलीस, रात्री की सकाळी?… सकाळी. बरं. चादर टाकून ठेवली होतीस ना वर, मी सांगितलं तशी?… मग चादर काढल्यावर काय म्हणाले?… 'छान झालीय.'… आणि?… आणि काय, ताई?… नुसतं 'छान झालीय'? अगं, चार दिवस मी दुकान बंद झाल्यावर मागच्या खोलीत गुडघ्यावर बसून… नाही, तक्रार नाही करत. तुझ्या लग्नाच्या पंचवीस वर्षांची भेट होती, म्हणून विचारलं. माणसाने हँडलला हात तरी लावला का?… घंटीवरून अंगठा फिरवला. वाजवली नाही?… नाही वाजवली. बरं.

हो, हो… ऐकतेय मी. तू मधूनच सुरू करतेस म्हणून गोंधळ होतो. पहिल्यापासून सांग. किती वाजता निघाले?… आठ. सुट्टीच्या दिवशी जातातच ना ते चक्कर मारायला… तासाभरात परत, हो, मला ठाऊक आहे, तुमचं घड्याळ त्यांच्यावरून लावता येईल. मग?… आता किती वाजले? थांब, माझं घड्याळ या कापडाच्या ढिगाखाली… पावणेबारा? अगं बाई.

फोन लाव ना त्यांना… टेबलावरच राहिलाय. चष्म्याशेजारी. चष्मा पण राहिला?… वाचायचा. म्हणजे लांबचा डोळ्यावर आहे. तेवढं तरी बरं आहे. मग तू मोबाईल मोकळा कशाला ठेवलायस, त्यांच्याकडे फोनच नाही तर?… दुसऱ्या कुणाच्या फोनवरून करतील. हो. तेही खरं.

एक मिनिट… हो बाई, तुमचे पडदे झालेत, खालची पट्टी तेवढी राहिलीय, दुपारी या… नाही, चारनंतर… हो, चारनंतर नक्की. या हं… हं, ताई, बोल. पडदेवाल्या बाई होत्या, गेल्या.

पंक्चर? नाही गं, पंक्चर कसं होईल, दोन्ही टायर नवे घातलेत मी. ट्यूबसुद्धा नवीन… ब्रेक? ब्रेक मी स्वतः तपासले, गल्लीच्या उतारावर जाऊन, दोनदा. आणि साखळी… साखळी रॉकेलमध्ये धुतली, टूथब्रशने घासली एकेक कडी, वाटलंच तर भात वाढून खावा त्यात, इतकी… बरं, नाही करत कौतुक. पण तू मला असं विचारतेयस जणू मीच त्यांना कुठे पाठवून दिलं.

म्हणजे काय, 'तू काय केलंस सायकलला'? तूच नाही का सांगितलंस, एकदा सगळी नीट कर म्हणून? तुझे शब्द आहेत. 'ती सायकल जरा विचित्रच झालीय, मला बघवत नाही, तू कर काहीतरी.' मी केलं. सगळं सरळ केलं. बास… हो, एकेक सांगते. पण घाबरून ऐकू नकोस, नीट ऐक.

आधी सीट. सीट होती आकाशात. एवढी उंच की मला वाटलं कुणी शिडी लावून बसतं की काय त्यावर. आणि वाकडी, टोक थोडं उजवीकडे. ती मी खाली घेतली, सरळ केली. मग उजव्या पॅडलवर एक चामड्याचा पट्टा होता, पाऊल अडकवायचा असतो ना तसा. उजव्याच. डाव्यावर नाही. कुठल्या तरी जुन्या कमरपट्ट्याचा कापलेला, हाताने शिवलेला… टाके मात्र चांगले होते, हं, मेण लावलेल्या दोऱ्याचे. पण एका बाजूला पट्टा आणि एका बाजूला नाही, हे दिसतं कसं?… काढला… हो, काढला म्हणजे कापला, शिवण उसवत बसायला वेळ नव्हता मला. आणि तिसरं म्हणजे, डावं पॅडल ज्यावर बसतं ना, तो दांडा. दोन असतात, एक उजवा, एक डावा. तर डावा दांडा होता आखूड. चांगला तीन बोटं आखूड. लहान मुलांच्या सायकलचा काढून बसवलेला… हो, खरंच. मी म्हटलं, कुठल्या मिस्त्रीने या सरळ माणसाला गंडवलं? दोन पाय सारखे, आणि दांडे दोन मापांचे. पाचर मात्र इतकी नेमकी ठोकलेली की काढताना माझे हात भरून आले. तो काढला आणि माझी सायकल मीच दुरुस्त करते ना, त्या सामानाच्या डब्यातला पूर्ण मापाचा बसवला. आता दोन्ही सारखे… आधी सांगितलं नाही म्हणजे? यात सांगायचं काय होतं? चुकीचं होतं, बरोबर केलं.

नाही ताई, सायकलमुळे कुणी हरवत नाही… हो, पडू शकतं माणूस. पण ते पडणाऱ्यातले आहेत का? विजेचे मीटर वाचत तीस वर्षं सायकलवर फिरतायत ते. घराघरात जाऊन. त्यांची सायकल म्हणजे… तू रडू नकोस आधी. रडलीस की मला तुझं अर्धं ऐकू येत नाही.

कुणी बघितलं?… शेजारच्या काकूंनी? त्यांना विचारलंस तू? मग हे आधी नाही का सांगायचं… हं… गेटपाशी… हं… चढत होते. बरं, मग?… कुठल्या बाजूने?… उजव्या? उजव्या बाजूने कशाला चढतील? सगळं जग डावीकडून चढतं… काकू नक्की सांगतायत? त्यांना समोरून बघताना उलटं वाटलं असेल… नाही? त्या म्हणतात नेहमीच तसे चढतात? नेहमीच? आणि पायरीवर उभं राहून?… मला नाही कळत. मी कधी बघितलंच नाही त्यांना चढताना. आपण माणसाला येताना बघतो, निघताना कोण बघतं.

मग चढले की नाही?… चढले. थोडं गेले. आणि?… उतरले. कोपऱ्याच्या आधीच. आणि?… हातात धरून चालत गेले. सायकल हातात धरून… कुठल्या दिशेला?… पुलाच्या. म्हणजे नेहमीच्या नाही. हे काय आहे, ताई? चांगली तेल दिलेली, नवे टायर घातलेली सायकल माणूस हातात धरून का नेईल? मला आता खरंच सुचत नाही. काकूंनी हाक नाही मारली का?… मारली. काय म्हणाले?… 'जरा पाय मोकळे करतो.' सायकल घेऊन? ताई, हे म्हणजे छत्री मिटून पावसात… जाऊ दे.

रागावले असतील? कुणावर?… तुझ्यावर? भेट दिली म्हणून? नाही गं. ते रागावले तर काय करतात? जेवताना मीठ मागत नाहीत, एवढंच. तूच सांगतेस… हो, त्यांच्या वस्तूला न विचारता हात लावला हे खरं. पण तूही चांगल्यासाठीच लावलास, मीही.

सीट चुकली? माझी? नाही, ते शक्यच नाही. अंदाजाने नाही लावली मी. मापाने लावली. त्यांच्या पायाची लांबी माझ्याकडे वहीत लिहिलेली आहे, पंधरा वर्षं त्यांच्या पँटी मीच शिवते. ते माप घेतलं, सीटपासून पॅडलपर्यंत टेप लावली, अगदी जागच्या जागी बसवली. कुठला सायकलवाला देईल असं करून?… विश्वास नाही? थांब, वही काढते. तुला वाचून दाखवते, मग तर झालं?… धर. कुठे गेली… ही त्या मागची… हं, ही. दाजी… दाजी… हे कोटाचं… हे मागच्या वर्षीचं. ऐक. कंबर छत्तीस, बैठक बेचाळीस, लांबी एकोणचाळीस, आतली लांबी एकोणतीस. या एकोणतीसवर लावली मी सीट. आता बोल… आणि हे यंदाचं, मार्चमधलं. कंबर छत्तीस, लांबी एकोणचाळीस, आतली…

…

नाही, आहे मी. आहे. वही बघतेय.

…काही नाही. अक्षर लागत नव्हतं… माझंच अक्षर, पण घाईत लिहिलेलं… हो, लागलं… काही विशेष नाही, ताई. तेच माप आहे. कंबर तीच.

ताई, मला एक सांग. सहज विचारते. घरात दाजी खाली बसतात का? जमिनीवर?… पूर्वी बसायचे पेपर पसरून, तेच म्हणते मी. आता?… खुर्चीवर. कधीपासून?… आठवत नाही. बरं. आणि मोजे कुठे बसून घालतात?… अगं, सहज. मोजे घालताना बघितलंस का तू त्यांना इतक्यात?… तू सहाला कामावर जातेस तेव्हा ते झोपलेलेच असतात. हं. आणि झोपतात… काय? वेगळ्या खोलीत? कधीपासून?… मार्च. का?… घोरतात म्हणून? ते स्वतःच म्हणाले, मी घोरतो, तुझी झोप मोडते?… पण तूच मला एकदा म्हणाली होतीस, ते एवढे गप्प झोपतात की मी रात्री उठून श्वास बघते… हो. म्हणाली होतीस.

नाही, मला काही माहीत नाही. मी फक्त विचारतेय… ताई, ओरडू नकोस. मी काही लपवत नाही… तसं नाही ते. माझ्या धंद्यात माप म्हणजे… गिऱ्हाईक जे माप देतं ते लिहायचं आणि तोंड बंद ठेवायचं. एखादीचं पोट वाढलेलं असतं, एखाद्याचा खांदा उतरलेला असतो. मी कधी 'का' विचारते का? नाही. आपण कापडात सोय करायची, माणसाने आरशात सरळ दिसायचं, झालं. विचारलं तर परत पायरी चढत नाही कुणी… हो, मेहुणा असला तरी. टेप गळ्यात असली की मला मेहुणाही गिऱ्हाईकच.

बरं. सांगते. तू खुर्चीवर बस… बसलीस? मार्चमध्ये आले होते दाजी. एकटेच. दोन पँटी टाकल्या. म्हणाले, डावा पाय गुडघ्यात दीड इंच सैल ठेव, बाहेरून दिसू देऊ नकोस. मी लिहून घेतलं, 'डा. गुडघा, दीड जास्त, आतून'. आणि ठेवला सैल. मला वाटलं, असेल काही, सायकलवर ओढत असेल… नाही विचारलं. मी नाही विचारलं, ताई. दीड इंच का लागतो? आत पट्टा बांधायला. गुडघ्याचा, पट्ट्या आणि धातूच्या कांबी असतात ना तो. माझ्याकडे येतात तसली गिऱ्हाइकं, मला एरवी लगेच कळतं. आपल्या माणसाचं मात्र…

हो. हो, मला आता तसंच वाटतंय. गुडघा वाकत नाही त्यांचा. पूर्ण वाकत नाही… अगं म्हणूनच. म्हणूनच आखूड दांडा. दांडा आखूड असला की पॅडल फार वर येत नाही, गुडघा कमी वाकवावा लागतो. सीट उंच, तीही त्यासाठीच. आणि उजव्या पायाला पट्टा, कारण जोर सगळा उजव्यानेच लावायचा, ढकलायचाही आणि ओढायचाही. कुणी गंडवलं नव्हतं त्यांना. त्यांनी स्वतःच केलं होतं सगळं. एकेक करून. बसून बघून, चालवून बघून. पट्ट्याचे टाकेसुद्धा त्यांचेच असणार… आणि मी… देवा. मी लोकांच्या वाकड्या खांद्याला सरळ दिसेल असा कोट शिवते, आणि त्यांनी आपल्या पायाला शिवलेली सायकल मी उसवून ठेवली. चार दिवसांत.

तुझा काय दोष? तुला काय माहीत… मला नाही माहीत कशाने झालं. पडले असतील कुठे, कुणाच्या तरी जिन्यावर, मीटर बघताना. फेब्रुवारीत ते दोन दिवस घरी होते ना, ताप म्हणून? तो ताप होता का तरी?… नाही बघितलास तू. थर्मामीटर त्यांनीच झटकला. बरं. बरं, आता तो विचार नको.

नाही, मला माहीत नाही ते कुठे आहेत. पण चालत गेले म्हणजे फार लांब… नाही गेले. तो पाय घेऊन किती लांब जातील. पोलीस नको इतक्यात… नको म्हणते ना. थांब थोडं. मी दुकान बंद करते आणि माझी सायकल घेऊन निघते, पुलावरून तुझ्याकडे येते, वाटेत दिसतीलच. तू घरीच थांब. फोन… तो मोकळा ठेवलेला मोबाईल हातात घे. आणि…

थांब.

थांब ताई, समोरच्या फुटपाथवर कुणीतरी… काच धुळकट आहे… सायकल हातात आहे… काळी. नवे टायर. ताई, मी… एक मिनिट धर. ठेवू नकोस, धर नुसता.

दाजी… या. या आत. अहो सायकल असू दे, मी घेते… सोडा हँडल. बसा… त्या स्टुलावर नको, खाली आहे ते, या उंच खुर्चीवर. हळू. पाय सरळच ठेवा, वाकवू नका… मला कसं कळलं ते जाऊ दे. पाणी घ्या… किती चाललात हे? सगळा पूल?… आणि हाताला काय झालं, हा तळवा?… पडलात. किती वेळा?… एकदाच. कोपऱ्यानंतर, पुन्हा चढायला गेलात तेव्हा. म्हणजे काकूंना दिसणार नाही तिथे जाऊन पडलात. वा.

दांडा? आहे. टाकला नाही मी, डब्यात आहे, तो आखूड… आहे म्हणते ना. पट्टा कापला. तो मात्र कापला, दाजी. नवीन शिवून देते, तुमच्यासारखेच टाके घालून, मेणाचा दोरा आहे माझ्याकडे… आत्ता बसवू? आत्ता लगेच?… तिला कळायच्या आत. हं. अर्ध्या तासात होईल तसं, पाचर ठोकायला काय लागतं, पण…

दाजी, फोन चालू आहे हा… हातातला. हो, चालूच आहे… ताईच आहे.

हात कशाला हलवताय? ती बघत थोडीच आहे… ताई, हो. हो गं, आले. माझ्याकडेच आले… चालत. सगळा पूल चालत… पडले, पण ठीक आहेत. तळवा सोलवटलाय, दुसरं काही नाही दिसत… रडू नकोस. अगं, रडू नकोस ना आता, आता तर सापडले… हो, समोर बसलेत… काय करतायत? नाही म्हणून मान हलवतायत आणि माझ्याकडे बघतायत. मला खुणा करतायत. मला कळत नाहीये काय खुणा करतायत… दाजी, तोंडाने बोला ना. हळू बोला, पण बोला… काय?

ताई, ते म्हणतायत, तुला सांग पंक्चर झालं होतं… नाही, खरंच असं म्हणतायत. दाजी, मी आत्ताच तिला छातीठोक सांगितलंय, टायर नवे, ट्यूब नवी. आता मीच कसं सांगू पंक्चर? माझ्या कामाची तरी लाज ठेवा… हसताय काय? हो, हसले, ताई. थोडंसं. आता नाही हसत.

दाजी, तिला माहीत आहे… सगळं नाही. पण गुडघ्याचं माहीत आहे. मी सांगितलं. आत्ता. वही वाचून… हो, मी बोलले. मी कुणाचं माप कुणाला सांगत नाही, आयुष्यात पहिल्यांदा सांगितलं, आणि तुमचंच. रागवायचं तर रागवा… नाही रागावले? मग असे खाली कुठे बघताय?

हं… काय?… मोठ्याने बोला, मशीनवाल्या बाईचे कान गेलेले असतात… तिने तुमच्या आईचं सहा वर्षं केलं. हो, केलं. मला माहीत आहे, मी बघितलंय… अंथरूण, बेडपॅन, सगळं… म्हणून? म्हणून हे सगळं? ती सुटली असं वाटत होतं तुम्हाला, आणि आता पुन्हा तुमचं… दाजी. अहो दाजी. गुडघा आहे तो. डॉक्टरांना दाखवलात?… दाखवलात, एकटेच. काय म्हणाले?… ऑपरेशन. कधी?… कधीच का नाही? दीड महिना झोपून राहावं लागेल म्हणून? कुणीतरी करावं लागेल म्हणून. आणि ते 'कुणीतरी' तीच असणार म्हणून.

मला रडू येतंय, थांबा… नाही, ताई, तुला नाही म्हणाले थांब. म्हणजे तुलाही म्हणाले. मला आता कळेना मी कुणाशी बोलतेय. तिकडे तू, इकडे हे, आणि मध्ये मी, एका हातात पाना आणि एका हातात फोन. तुम्ही दोघं पंचवीस वर्षं एका घरात राहता ना? ती तुम्हाला न सांगता सायकल माझ्याकडे आणते, तुम्ही खूश व्हावं म्हणून. तुम्ही तिला न सांगता गुडघा बांधून फिरता, ती सुखात राहावी म्हणून. आणि दोघं येता माझ्याकडे. मी शिंपीण आहे, दाजी. मला दोन कापडं जोडता येतात, ती दोन्ही टेबलावर ठेवली तर.

हो ताई, ऐकतेय… काय म्हणाले ते? ते मी नाही सांगणार. एक सांगितलं तेवढं पुरे झालं माझं. ते सांगतील… देते. देते त्यांना… तू ओरडणार नाहीस ना?… आणि 'मला आधी का नाही सांगितलं' हे पहिलं वाक्य नाही ना म्हणणार?… दुसरं म्हण. पहिलं काहीतरी दुसरं असू दे… काहीही. जेवलात का विचार. सकाळपासून चहावर आहेत ते.

दाजी, घ्या… घ्या हो. गरम झालाय जरा, चावत नाही… दांडा मी बसवते, त्याची काळजी करू नका. सीट वर घेते. पट्टा शिवते. सगळं होतं तसं वाकडं करून देते संध्याकाळपर्यंत. पण ते करून घ्यायचं तर आधी हे… नाही, माझ्याकडे बघू नका, मी नाही बोलणार तुमच्या वतीने. उलटा धरलाय, फिरवा… हं. कानाला लावा.

काय बोलू म्हणजे? कुठे पडलात ते सांगा. कुणाच्या जिन्यावर, कुठल्या पायरीवर. तिथून सुरू करा… ताई, ऐकू येतंय ना? तू मध्ये बोलू नकोस हं, त्यांना वेळ लागतो.

मी मशीन चालू करते… सुईत दोरा नाही, पण आवाज होईल तेवढा. मला काही ऐकू येणार नाही. बोला.